जस्त

हिद्दच्या गोदीत बावीस वर्षं
गंज खरवडतोय मी.
आधी वाळूचा फवारा, मग तारेचा ब्रश,
मग लाल प्रायमरचे दोन हात.
इथलं पाणी आमच्या देवबागपेक्षा खारट,
बोट दोन महिने नुसती उभी राहिली
तरी तिच्या पोटाला खरूज सुटते.
गंज मला वासानं कळतो,
जिभेखाली जुनं नाणं धरावं तसा.

तो माझ्या डोक्यात शिरलाय
हे मात्र डॉक्टर फौजियांनी सांगितलं.
म्हणाल्या, दारू आत जळते तेव्हा ठिणग्या उडतात,
त्या मेंदूला डाग देतात, रोज थोडे थोडे.
मी म्हटलं, वेल्डिंगसारखं?
त्या हसल्या नाहीत. हो म्हणाल्या.
मग कागद पुढं केला, घड्याळ काढा.
मी काढलं.
बाराही आकडे उजवीकडे गोळा झाले,
माल सरकलेल्या बोटीसारखं कलंडलं घड्याळ.

पूर्वी फक्त गुरुवारी रात्री घ्यायचो,
शुक्रवारी सुट्टी म्हणून.
मग सरकारनं सुट्टी शनिवारपर्यंत वाढवली.
पुढे कॅलेंडर बघायचंच राहिलं.
परांचीवर तोल जायला लागला तेव्हा फोरमननं
मला खाली उतरवलं, बोल्ट मोजायला बसवलं.
चाळीसपर्यंत जातो, मग पुन्हा एकतीस.
एकदा फोनवर मुलीचं नाव आठवेना.
‘बाय गो, बाय’ करत वेळ मारून नेली.
तिला वाटलं, बाबा आज मायेत आलेत.

पहिले दहा दिवस पिवळं इंजेक्शन, बी-वन.
नंतर ही गोळी, पाण्यात फसफसणारी,
नासक्या अंड्याच्या वासाची.
पहिल्यांदा ती फसफस ऐकली
आणि तोंडाला पाणी सुटलं. सोड्याचा आवाज तो.
गुरुंग खोलीत होता, त्यानं पाहिलं,
काही बोलला नाही, खिडकी उघडली.
तेव्हापासून गोळ्या त्याच्याच पेटीत असतात.

याने गंज जाईल का? मी विचारलं.
उंदरांचा कमी झालाय, डॉक्टर म्हणाल्या.
माणसांचं अजून नक्की सांगता येत नाही.
मला ते आवडलं. खोटं बोलली नाही बाई.
बाटली बंद नसेल तर मात्र काहीच नाही, म्हणाल्या.
ते मला कळतंच.
ओल्या पत्र्यावर कुणी रंग मारतं का?

काल एक टँकर गोदीत चढला.
पाणी उतरलं, कालवं खरवडली,
आणि तळाशी, सुकाणूजवळ, जस्ताचे ठोकळे दिसले.
नवे लावतात तेव्हा विटेएवढे असतात.
समुद्र आधी जस्त खातो,
म्हणून लोखंड उरतं.
इतकी वर्षं मी ते उचकटून भंगारात टाकले.
काल एक हातात घेतला.
भोकं पडलेला, कडा चाटून गेलेल्या,
जुन्या साबणाच्या वडीएवढा हलका.
बोट धडधाकट होती.

रात्री शेवंतीला फोन लावला.
‘गोळी घेतलास?’ तिनं विचारलं.
नेहमी तेच विचारते आधी.
घेतली, म्हटलं.
मग काय बोलायचं ते विसरलो,
पंख्याचा आवाज ऐकत राहिलो,
आणि एकदम आठवलं.
तुझं वजन किती गो?

‘ह्यां काय इचारतास?’
हसली. मग बराच वेळ गप्प.
मग सांगितलं.

त्रेचाळीस.
वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट,
बोल्टच्या हिशेबाच्या पानावर,
उद्या विसरलो तरी दिसेल असं.